बालरुग्णालयातील रांग : मागणी, प्रतीक्षा आणि क्रम

बालरुग्णालयातील प्रतीक्षा ही प्रौढांच्या रुग्णालयातील प्रतीक्षेहून दोन बाबतींत मुळातच वेगळी असते. पहिली बाब अशी की, जो आजारी आहे तो स्वतः रांगेत उभा राहत नाही, आपले दुखणे सांगत नाही, आणि ते वाढले तर तसे कळवूही शकत नाही. त्याच्या वतीने आई, आजी किंवा वडील ताटकळत असतात, आणि कडेवरच्या मुलात होणारा बदल त्यांच्या लक्षात येईलच अशी खात्री देता येत नाही. दुसरी बाब अशी की, लहान मुलाची प्रकृती तासाभरातही पालटू शकते, कारण तान्ह्या बाळाच्या शरीरातील पाण्याचा, साखरेचा आणि उष्णतेचा साठा मोठ्या माणसाच्या मानाने फार तुटपुंजा असतो, आणि जुलाब लागलेले सहा महिन्यांचे बाळ सकाळी नऊला जसे होते तसेच ते अकरालाही असेल असे गृहीत धरता येत नाही. या दोन्ही कारणांमुळे रांगेची व्यवस्था हे निव्वळ कारकुनी काम उरत नाही; उपचाराची सुरुवात तिथूनच होते, आणि ती चुकली तर पुढच्या खोलीतील डॉक्टर कितीही निष्णात असला तरी त्याच्यापर्यंत मूल उशिरा पोहोचते.

प्रस्तुत लेखिकेचा या विषयाशी संबंध आला तो महाराष्ट्रातील एका मोठ्या शहरातल्या सार्वजनिक बालरुग्णालयात, बाह्यरुग्ण विभागाच्या समन्वयाचे काम अनेक वर्षे करताना. बाह्यरुग्ण विभाग, म्हणजे दाखल न होता तपासून औषध घेऊन जाणाऱ्यांचा विभाग, ज्याला सर्वजण ओपीडी म्हणतात, तो अशा रुग्णालयाचा सर्वांत गजबजलेला भाग असतो. तिथली गर्दी पाहणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असते : रुग्ण फार आहेत, डॉक्टर कमी आहेत. हे वाक्य खोटे नाही. परंतु ते पुरेसेही नाही, आणि त्यावर विसंबून राहिल्याने जे करता येण्यासारखे आहे तेही होत नाही. दीर्घकाळ रोजची रांग पाहिल्यानंतर बनलेले मत असे की, बाहेरून लोंढ्यासारख्या येणाऱ्या या मागणीचा मोठा भाग रुग्णालयाच्या स्वतःच्या वेळापत्रकातून, नियमांतून आणि सवयींतून तयार झालेला असतो, आणि तेवढा भाग एकही नवी इमारत न बांधता कमी करता येतो.

केवळ मुलांसाठी वेगळे रुग्णालय असावे ही कल्पना तशी फार जुनी नाही. पॅरिसमध्ये १८०२ साली, लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवर १८५२ साली अवघ्या १० खाटांनिशी, आणि मुंबईत परळला १९२९ साली बाई जेरबाई वाडिया रुग्णालयाच्या रूपाने ती प्रत्यक्षात आली. अशा संस्थांची संख्या आजही थोडी असल्यामुळे त्यांच्या सेवाक्षेत्राला सीमा नसते. शेजारच्या वस्तीतले सर्दी-खोकल्याचे मूल आणि दोन जिल्हे ओलांडून आलेले, हृदयाला छिद्र असल्याचा संशय असलेले मूल एकाच खिडकीपुढे उभे राहते, आणि दोघांनाही एकाच प्रकारचा केसपेपर मिळतो. मागणीचे नियोजन अवघड होते ते प्रथम या सरमिसळीमुळे.

सार्वजनिक रुग्णालयातील सकाळ समजून घेतल्याखेरीज ही रांग समजत नाही. केसपेपरची खिडकी आठला उघडते आणि साधारण साडेअकरा-बाराच्या सुमारास बंद होते. निवासी डॉक्टर, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेत असताना रुग्णालयातच राहून काम करणारे तरुण डॉक्टर, आणि त्यांचे वरिष्ठ हे आधी वॉर्डातला राउंड उरकून मगच ओपीडीत येतात. त्यामुळे तपासणी प्रत्यक्षात सुरू होते ती साडेनऊच्या आसपास. खिडकी लवकर बंद होते हे माहीत असल्याने पालक पहाटेच्या पहिल्या एसटीने किंवा लोकलने निघतात आणि आठच्या आधीच येऊन बसतात. आता समजा, दोन खिडक्यांतून तासाला १२० केसपेपर निघतात आणि तपासणीच्या सर्व खोल्यांतून मिळून तासाला ६० मुले बाहेर पडतात. साडेनऊ वाजेपर्यंत १८० मुले जमलेली असतात, म्हणजे पहिले मूल आत जाण्याआधीच तीन तासांचे काम साचलेले असते. दुपारी एकच्या सुमारास हाच विभाग जवळजवळ रिकामा होतो. दिवसभराची बेरीज पाहणाऱ्या कार्यालयाला रुग्ण आणि डॉक्टर यांचे गणित जुळलेले दिसते, पण सकाळी दहाला त्या दालनात उभे राहिले तर पाय ठेवायला जागा नसते. इथे डॉक्टर कमी पडलेले नसतात. खिडकीची वेळ आणि खुर्चीची वेळ यांची सांगड घातलेली नसते.

रांगेचे शास्त्र हे रुग्णालयात जन्मलेले नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नेर एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ साली दूरध्वनीच्या मागण्या किती आणि कशा येतात याचा पहिला गणिती अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यातून प्रतीक्षेचा सिद्धांत आकाराला आला. पुढे १९६१ साली जॉन लिटल या अमेरिकन अभ्यासकाने एका साध्या नियमाची सिद्धता दिली : आवारात एका वेळी सरासरी किती माणसे असतील, हे दर तासाला किती येतात आणि प्रत्येक जण सरासरी किती तास राहतो यांच्या गुणाकाराइतके असते. तासाला ६० मुले येत असतील आणि प्रत्येक मूल अडीच तास आवारात राहत असेल, तर कोणत्याही क्षणी तिथे सरासरी १५० मुले असतील, आणि सोबतची माणसे धरली तर तीनशेहून अधिक जीव. या नियमाचा व्यवहारातला अर्थ फार मोलाचा आहे. गर्दी कमी करण्यासाठी मुलांचे येणे कमी करण्याची गरज नाही. प्रत्येकाचा मुक्काम अडीच तासांवरून दीड तासावर आला, तर तितकीच मुले तपासली जाऊनही दालनातील गर्दी १५० वरून ९० वर येते.

या शास्त्राचा दुसरा निष्कर्ष मात्र सहजासहजी पटणारा नाही, आणि प्रशासनाशी होणारे बहुतेक मतभेद त्यावरूनच होतात. डॉक्टरचा वेळ पूर्ण भरलेला असणे हे कार्यक्षमतेचे लक्षण मानले जाते. परंतु रुग्ण अनियमित अंतराने येत असतील आणि प्रत्येकाला लागणारा वेळही कमीजास्त असेल, तर डॉक्टरचा वेळ जसजसा भरत जातो तसतशी रांग सरळ प्रमाणात न वाढता अखेरच्या टप्प्यात एकदम चढते. एका डॉक्टरला एका मुलामागे सरासरी पाच मिनिटे लागतात असे मानून या सिद्धांतातील सर्वांत साधे सूत्र वापरले, तर वेळेचा ८० टक्के भाग व्यापलेला असताना आत जाण्याआधीची सरासरी प्रतीक्षा २० मिनिटांची असते, ९० टक्क्यांवर ती ४५ मिनिटांची होते, आणि ९५ टक्क्यांवर ९५ मिनिटांवर जाते. प्रत्यक्ष ओपीडी या सूत्राइतकी नीटनेटकी नसते, पण चढाची दिशा हीच असते. याचा अर्थ असा की, सोमवारी एक निवासी डॉक्टर रजेवर गेला किंवा झटके येणारी चार मुले एकदम आली, की आधीच काठोकाठ भरलेली व्यवस्था कोलमडते, आणि थोडी मोकळीक राखून ठेवलेली व्यवस्था तेवढ्यावर तग धरते. ही मोकळीक कागदावर वाया गेलेल्या वेळेसारखी दिसते, म्हणून ती सर्वांत आधी कापली जाते.

ब्रिटनमधील नॉर्मन बेली या संख्याशास्त्रज्ञाने १९५२ साली रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागातील वेळनेमणुकीचा अभ्यास केला, तेव्हा त्याने हाच प्रश्न वेगळ्या बाजूने मांडला. डॉक्टर एक मिनिटही रिकामा बसू नये म्हणून सर्व रुग्णांना सुरुवातीलाच बोलावून ठेवण्याची पद्धत रुग्णांचा किती वेळ खर्ची घालते, हे त्याने हिशेबाने दाखवले आणि सुरुवातीला दोन रुग्ण हजर ठेवून बाकीच्यांना सरासरी तपासणीच्या अंतराने बोलावावे असे सुचवले. सत्तर वर्षे उलटून गेली तरी आपल्याकडे अनेक ठिकाणी विशेष क्लिनिकच्या कागदावर सर्वांना एकच वेळ लिहून दिली जाते, सकाळी नऊची. अर्थात मिनिटांच्या हिशेबाने वेळ देणे इथे चालत नाही, हेही अनुभवाने स्पष्ट झाले. ज्या बाईला घरचे पाणी भरून, मोठ्या मुलाला शेजारी ठेवून, दोन वाहने बदलून यायचे आहे, तिला दहा वाजून वीस मिनिटांची वेळ देणे म्हणजे तिची कुचंबणा करणे होय. तासाचा पट्टा, म्हणजे दहा ते अकरा किंवा अकरा ते बारा असे लिहून देणे, मात्र चालले. लांबून येणाऱ्यांना उशिराचा पट्टा आणि शहरातल्यांना लवकरचा, एवढी एकच सुधारणा केसपेपरवर हाताने लिहून केली गेली, तेव्हा पहिल्या काही आठवड्यांत कोणी त्यावर विश्वास ठेवला नाही आणि सगळे जुन्या सवयीने आठलाच आले. उशिराचा पट्टा घेऊन आलेल्याला खरोखरच लवकर आत घेतले जाते आणि खिडकी त्याला परत पाठवत नाही, हे दोन-तीन महिने सातत्याने दिसल्यावर मग सकाळची गर्दी पसरू लागली. पालक वेळ पाळत नाहीत ही तक्रार रुग्णालयांत नेहमी ऐकू येते. रुग्णालयाने आपली वेळ पाळल्याचा अनुभव त्यांना कधी आला होता का, हे आधी विचारले पाहिजे.

मागणी रुग्णालयच निर्माण करते, या विधानाचा खरा पुरावा नव्या रुग्णांत सापडत नाही, तो जुन्या केसपेपरांत सापडतो. जॉन सेडन या ब्रिटिश व्यवस्थापन-विचारवंताने अपयशजन्य मागणी अशी एक संकल्पना मांडली आहे. एखादे काम पहिल्या वेळी न केल्यामुळे किंवा अर्धवट केल्यामुळे जी मागणी पुन्हा उभी राहते ती अपयशजन्य. त्या बालरुग्णालयात एखाद्या सोमवारी रांगेत बसलेल्यांना ते कशासाठी आले आहेत एवढेच विचारत गेल्यावर जे चित्र दिसे ते विचार करायला लावणारे होते. कोणी रक्ताचा रिपोर्ट दाखवायला आलेले असत. रिपोर्ट काल मिळायचा होता, तो आज मिळाला, आणि आज त्यांच्या युनिटचा दिवस नव्हता. युनिट म्हणजे वरिष्ठ डॉक्टरच्या हाताखालील गट. प्रत्येक युनिटचे ओपीडीचे वार ठरलेले असतात आणि जुन्या रुग्णाने आपल्याच युनिटच्या वारी यावे असा नियम असतो. कोणी अपस्माराच्या, म्हणजे फिट्सच्या औषधासाठी आलेले असत. मुलाला वर्षभर झटका आलेला नव्हता, मात्रा बदलायची नव्हती, पण औषध महिन्याचेच मिळत असल्याने दर महिन्याला मुलाला घेऊन, शाळा बुडवून आणि बापाची रोजी बुडवून यावे लागे. कोणी एका सहीसाठी किंवा शिक्क्यासाठी आलेले असत. थॅलेसेमिया आणि सिकलसेल या रक्ताच्या आजारांचा समावेश २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात झाल्यानंतर प्रमाणपत्रासाठी येणाऱ्यांची संख्या वाढली. ही सवलत अत्यंत योग्य होती, पण त्या कामाला स्वतंत्र वेळ आणि टेबल न दिल्याने ती कुटुंबे तापाच्या मुलांच्या रांगेत बसू लागली.

यांपैकी एकाही मुलाला त्या दिवशी त्या रांगेत असण्याचे वैद्यकीय कारण नव्हते, आणि तरीही प्रत्येक मूल तापाच्या एखाद्या मुलाच्या पुढे बसलेले होते. उपाय साधे होते, पण त्यांना होणारा विरोध साधा नव्हता. युनिटच्या वाराचा नियम शिथिल करून रिपोर्टसाठी रोज एक खोली ठेवावी, असे सुचवल्यावर शिक्षकांनी आक्षेप घेतला की, एकाच मुलाचा आजार पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिल्याखेरीज विद्यार्थी शिकत नाही, आणि मुलालाही ओळखीचा डॉक्टर मिळत नाही. हा आक्षेप खरा होता. म्हणून तडजोड अशी झाली की, रिपोर्टमध्ये काही बिघाड नसेल तर तो रोजच्या खोलीत पाहून मुलाला मोकळे करावे आणि बिघाड असेल तरच युनिटच्या वारी बोलवावे. औषधभांडाराची हरकत वेगळी होती. एकदम दोन-तीन महिन्यांचे औषध दिले तर साठा संपतो, अशी भीती तिथे होती. वास्तविक वर्षाला लागणाऱ्या गोळ्यांची संख्या बदलत नाही, फक्त पहिल्या महिन्यांत साठा जास्त लागतो, हे कागदावर मांडून दाखवावे लागले. कोविडच्या काळात, २०२० साली, टाळेबंदीमुळे येणे-जाणेच बंद झाले, तेव्हा जास्त दिवसांचे औषध देणे आणि फोनवरून विचारपूस करणे अपरिहार्य झाले. केंद्र सरकारची ई-संजीवनी ही घरबसल्या सल्ल्याची सेवाही त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुरू झाली. त्या सक्तीने जे सिद्ध केले ते पुढे ऐच्छिकपणे चालू राहायला हवे होते. पुष्कळ ठिकाणी ते राहिले नाही.

नोंदणीचे काम सोपे करण्यासाठी आलेल्या तंत्राबद्दलही इथेच सांगितले पाहिजे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली २०२२ पासून क्यूआर कोड स्कॅन करून टोकन घेण्याची सोय अनेक सरकारी रुग्णालयांत आली आहे आणि खिडकीवरचा वेळ तिने निश्चितच वाचतो. परंतु बालरुग्णालयात मुलाला घेऊन येणारी बहुधा आई असते, आणि गरीब घरातला एकमेव स्मार्टफोन पुष्कळदा कामावर गेलेल्या वडिलांच्या खिशात असतो. म्हणून हाताने केसपेपर काढणारी खिडकी अशा ठिकाणी बंद करता येत नाही, आणि क्यूआरवाल्यांना आधी आत घेण्याचा नियम तर अजिबात करू नये.

क्रमाचा प्रश्न हा या सर्वांतील सर्वांत नाजूक प्रश्न आहे. जो आधी आला तो आधी, हा रांगेचा न्याय आपल्या समाजात इतका रुजलेला आहे की, तो मोडला तर माणसे चिडतात, आणि सामान्यतः त्यांचे चिडणे रास्त असते, कारण रांग मोडली जाते ती बहुधा ओळखीच्या चिठ्ठीसाठी. आजारी मुलांच्या बाबतीत मात्र हा न्याय अपुरा ठरतो. रुग्णांची तीव्रतेनुसार वर्गवारी करण्याची पद्धत, जिला वैद्यकात ट्रायाज म्हणतात, तिची सुरुवात नेपोलियनच्या सैन्यातील शल्यविशारद दोमिनिक लारे याच्या नावाशी जोडली जाते; हुद्दा न पाहता जखम पाहून क्रम लावणे हे तिचे मूळ सूत्र. मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने तिची एक सुटसुटीत रीत तयार केली आणि तिची प्रशिक्षणपुस्तिका २००५ साली प्रसिद्ध केली. तीत मुलांचे तीन गट केले जातात. श्वास अडलेले, निळे पडलेले, हातपाय गार पडलेले, बेशुद्ध, झटके येत असलेले किंवा जुलाबाने सुकून गळून गेलेले मूल हे तातडीचे. त्याला त्याच क्षणी उपचार. दोन महिन्यांहून लहान बाळ, खूप तापलेले, फिके पडलेले, विष पोटात गेलेले, भाजलेले, अतिशय कुपोषित किंवा सतत किरकिरणारे मूल हे अग्रक्रमाचे. त्याला रांगेत पुढे घ्यायचे. उरलेली मुले थांबू शकतात.

या वर्गवारीने काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण मलावीतील ब्लँटायर शहरातले आहे. तिथल्या क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटलमध्ये एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुलांचा बाह्यरुग्ण विभाग आणि तातडीची सेवा एकत्र आणून आल्याबरोबर वर्गवारी करण्याची पद्धत बसवली गेली, आणि दाखल मुलांमधील मृत्यूचे प्रमाण १० ते १८ टक्क्यांवरून ६ ते ८ टक्क्यांवर आले. तिथे महागडी यंत्रे आलेली नव्हती. मुख्यतः मुलांचा क्रम आणि पहिल्या काही मिनिटांतील काम बदलले होते. प्रतीक्षेचे व्यवस्थापन ही सोयीची बाब आहे असे मानणाऱ्या प्रत्येकाने हे आकडे डोळ्यांपुढे ठेवावेत.

महाराष्ट्रातील त्या रुग्णालयात ही रीत आणताना असे दिसले की, रांगेच्या तोंडाशी एक सिस्टर बसवून भागत नाही, कारण मूल तिच्यापर्यंत पोहोचायलाच तास लागतो. तिला रांगेतून मागपर्यंत फिरावे लागते, आणि दर अर्ध्या तासाने पुन्हा फिरावे लागते, कारण आठला थांबू शकणारे मूल दहाला अग्रक्रमाचे झालेले असू शकते. श्वास मोजणे हे तिचे मुख्य हत्यार असते : दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतील मुलाचा ५० किंवा अधिक, पाच वर्षांच्या आतील मुलाचा ४० किंवा अधिक असेल तर तो जलद समजावा, आणि हे मोजायला सेकंदकाट्याचे घड्याळ आणि पूर्ण एक मिनिटाची शांतता एवढेच लागते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, जागतिक आरोग्य संघटनेच्या रीतीत दारावरचा पहारेकरी, केसपेपर लिहिणारा कारकून आणि सफाई कामगार यांनाही धोक्याच्या खुणा ओळखायला शिकवावे असे अभिप्रेत आहे. हे शिकवले गेले तेव्हा सर्वाधिक फळ तिथेच मिळाले. ज्या मावशी दिवसभर त्या दालनात झाडू घेऊन फिरत असत, त्यांची नजर कुठल्याही डॉक्टरच्या आधी मान टाकलेल्या मुलावर पडे. पूर्वीही पडत असे, पण तेव्हा ते सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे असे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

पालकांचा विरोध मात्र वाटला होता त्याहून सौम्य निघाला. पहाटेपासून बसलेल्या आईच्या पुढून दुसऱ्याचे बाळ आत नेले की ती तोंडाने निषेध करतेच. परंतु नेमके कोणाला, कशासाठी पुढे घेतले जाते हे मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहिलेले असेल, सिस्टर ते बोलून दाखवत असेल, आणि मुख्य म्हणजे त्याच दारातून ओळखीची चिठ्ठी आत जात नसेल, तर बहुतेक माणसे स्वतःहून बाजूला सरतात, किंबहुना शेजारच्या बाईचे मूल बरे दिसत नाही हे सिस्टरला तीच येऊन सांगतात. चिठ्ठी चालू ठेवून वर्गवारी करणे अशक्य आहे. दोन्ही गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात, आणि एकीवरचा अविश्वास दुसरीला बुडवतो.

ओपीडीची रांग डोळ्यांना दिसते, शस्त्रक्रियेची आणि विशेष तपासण्यांची रांग मात्र वहीत असते, आणि म्हणून ती अधिक धोक्याची असते. प्रतीक्षायादीची सरासरी काढली तर ती मुलांच्या बाबतीत जवळजवळ काहीच सांगत नाही, कारण एकाच महिन्याच्या विलंबाचा अर्थ आजारागणिक बदलतो. बेंबीचा हर्निया चार-पाच वर्षांच्या वयापर्यंत पुष्कळदा आपोआप मिटतो, तर तान्ह्या बाळाच्या जांघेतील हर्नियात आतडे अडकण्याचा धोका असल्याने तो लांबणीवर टाकता येत नाही; वहीत मात्र दोन्हींपुढे हर्निया एवढेच लिहिलेले असते. पित्तनलिका बंद असलेल्या बाळाची शस्त्रक्रिया शक्यतो ६० दिवसांच्या वयाच्या आत व्हावी लागते, त्यानंतर ती यशस्वी होण्याची शक्यता घटत जाते, आणि अशा बाळाची कावीळ साधी समजून एका महिन्यानंतरची तारीख मिळाली तर ती तारीख हाच त्याचा आजार ठरतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासायचा असतो. जन्मतः थायरॉइडची कमतरता असेल तर पहिल्या दोन आठवड्यांतच उपचार सुरू झाले पाहिजेत, नाही तर मेंदूची हानी भरून येत नाही. म्हणून मुलांच्या प्रतीक्षायादीत नाव आणि तारीख यांच्याबरोबर तिसरा रकाना हवा, तो म्हणजे कोणत्या वयाच्या आत हे झालेच पाहिजे याचा. आणि यादी नोंदणीच्या तारखेने न लावता त्या रकान्याने लावली पाहिजे.

शस्त्रक्रियेच्या दिवशीची प्रतीक्षा ही आणखी वेगळी, उपाशीपोटीची. भूल देण्याआधी घन अन्न सहा तास, आईचे दूध चार तास आणि साधे पाणी दोन तास बंद, हा रूढ नियम आहे. अलीकडे पाण्याच्या बाबतीत तो आणखी सैल केला जात आहे. प्रत्यक्षात सर्वांनाच मध्यरात्रीपासून काही देऊ नका असे सांगितले जाते आणि शेवटच्या मुलाची पाळी दुपारी दोनला येते. सर्वांत लहान बाळ सर्वांत आधी आणि प्रत्येकाला वेगळी उपासाची वेळ, एवढे नियोजन आदल्या संध्याकाळी पंधरा मिनिटांत होते.

प्रतीक्षेचा काळ सारखा असला तरी तिचा जाच सारखा नसतो, असे डेव्हिड मेस्टर या व्यवस्थापनाच्या अभ्यासकाने १९८५ साली मांडले : रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो, जिचे कारण सांगितलेले नाही ती प्रतीक्षा कारण सांगितलेल्या प्रतीक्षेपेक्षा, अनिश्चित प्रतीक्षा निश्चित प्रतीक्षेपेक्षा, आणि चिंतेतली प्रतीक्षा निश्चिंत प्रतीक्षेपेक्षा. बालरुग्णालयातील आईला हे सगळेच एकाच वेळी लागू होते. नंबर जाईल या धास्तीने ती पाणी प्यायला उठत नाही, मुतारीला जात नाही, आणि आडोसा नाही म्हणून बाळाला पाजतही नाही. भुकेलेले बाळ रडते, आणि रडणाऱ्या बाळाची छाती डॉक्टरला नीट ऐकता येत नाही, म्हणून तपासणीला जास्त वेळ लागतो. पाजण्यासाठी आडोसा, हाकेचा नंबर ऐकू येईल अशी पाण्याची जागा, आणि नंबर चुकला तरी पुढच्या पाच मुलांत घेतले जाईल अशी लेखी हमी, या तीन गोष्टींना फारसा खर्च येत नाही आणि त्यांनी रांग प्रत्यक्षातही लहान होते.

मोजमापाशिवाय यातले काहीच टिकत नाही, परंतु चुकीचे मोजमाप नुकसानही करते. इंग्लंडमध्ये तातडीच्या विभागात चार तासांची मर्यादा घालून २००४ साली ९८ टक्के आणि २०१० पासून ९५ टक्के रुग्णांसाठी ती पाळण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. त्यामुळे प्रतीक्षा कमी झाली हे खरे, पण चौथा तास संपण्याच्या शेवटच्या मिनिटांत रुग्णांची हलवाहलव एकदम वाढते हेही आकड्यांत दिसून आले. आपल्याकडे याच्या उलट अवस्था आहे. दिवसाला किती केसपेपर निघाले एवढेच मोजले जाते, आणि तो आकडा जितका मोठा तितके काम मोठे असे समजले जाते. जे मूल तिसऱ्यांदा त्याच सहीसाठी आले तेही त्या आकड्यात भरच घालते.

या मोजणीत कुठेच न येणारे मूल म्हणजे केसपेपर काढून, तासन्‌तास थांबून, न तपासताच परत गेलेले मूल. त्याची शेवटची एसटी सुटत होती, किंवा घरी दुसरे मूल एकटे होते, किंवा ताप उतरल्यासारखा वाटला. खिडकीवर त्याची नोंद आलेल्यांमध्ये होते आणि तपासणीच्या खोलीत त्याची नोंदच नसते. संध्याकाळी दोन्ही वह्या शेजारी ठेवून वजाबाकी केली तर ते सापडते, पण ही वजाबाकी करण्याचे काम कोणाकडेच सोपवलेले नसते. बालरुग्णालये चालवणाऱ्या सर्वांना विनंती आहे की, हा रकाना आपल्या नोंदवहीत आखावा, त्यातील प्रत्येक नावाला दुसऱ्या दिवशी सकाळी फोन लावावा, आणि महिनाअखेरीच्या अहवालात किती मुले तपासली याच्या आधी किती मुले न तपासता गेली हा आकडा लिहावा.